भाऊजींची सर्दी

छोटीनं भाऊजींवर डूख धरला तो एका भर दुपारी, संशोधन केंद्राच्या सभागृहात, पहिल्या रांगेत तिची सख्खी बहीण बसलेली असताना.

छोटी हे तिचं घरातलं नाव. आता वय पन्नाशीकडे झुकलंय, जवळचं वाचायला एक चष्मा आणि लांबचं बघायला दुसरा, तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली स्वतःच्या प्रयोगशाळा चालवतात, तरी ताईला ती छोटीच, आणि ताईला म्हणून भाऊजींनाही छोटीच. पण त्या दुपारी ती खरोखरच लहान होती. डॉक्टरेटची शाई वाळली नव्हती. भाऊजी त्या केंद्राचे प्रमुख होते आणि त्यांच्याच शब्दावर तिला तिथं नोकरी लागली होती. हे उपकार घरात रोज एकदा तरी कुणी ना कुणी बोलून दाखवायचं.

भाऊजींचा विषय साध्या सर्दीचा विषाणू. म्हणजे ज्यानं जगाची दारं बंद केली तो नव्हे, त्याचाच एक साधासुधा चुलतभाऊ. हा थंडीत अर्ध्या शाळेला शिंका आणतो, चार दिवस नाक गाळतो आणि निघून जातो. त्याच्यामुळे सहसा कुणी मरत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी फारसं बघतही नाही. भाऊजींनी मात्र आयुष्य त्याच्यावर काढलं होतं. शिकत असताना त्यांना एकदा दणकून सर्दी झाली. त्यांनी स्वतःच्याच नाकात कापसाची काडी घातली, त्यातला विषाणू काचेच्या बाटलीत पेशींवर वाढवला, आणि तेव्हापासून केंद्रातलं सगळं काम त्या एका वाणावर चालू होतं. दुसऱ्या देशांतले लोकही तो मागवून घ्यायचे. "जगात इतकं कामाला आलेलं नाक दुसरं नाही," असं भाऊजी पाहुण्यांपुढे म्हणायचे, आणि ताई प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची.

या विषाणूचं एक कोडं होतं. गोवर एकदा झाला की माणूस जन्माचा सुटतो. मग हीच सर्दी त्याच माणसाला पुन्हा पुन्हा का होते? भाऊजींचं उत्तर ठरलेलं होतं: शरीर विसरतं. रक्तात तयार झालेलं संरक्षण विरून जातं आणि तोच विषाणू परत आत शिरतो. "माझा विषाणू सभ्य गृहस्थ आहे," ते म्हणायचे. "फ्लूसारखा दर वर्षी सोंगं बदलत नाही."

छोटीला ते पटेना. केंद्राच्या फ्रीझरमध्ये जुन्या काळापासून लोकांच्या रक्ताचे नमुने होते. लाल पेशी काढून टाकल्यावर उरतं ते पिवळसर पाणी, सीरम. तिनं जुनं सीरम घेतलं आणि ते आधी त्याच काळातल्या विषाणूत मिसळलं, मग बऱ्याच वर्षांनी कुणाच्या तरी नाकातून मिळालेल्या विषाणूत. दोन्ही मिश्रणं जिवंत पेशींवर ओतली. पहिल्या बशीतल्या पेशी टवटवीत राहिल्या. दुसरीतल्या पेशींना जागोजाग भोकं पडली, कसर लागलेल्या शालीसारखी. म्हणजे जुन्या रक्ताला जुना विषाणू आठवत होता, चांगला आठवत होता. समोर आलेलाच वेगळा होता. ज्या काट्यांनी तो पेशीला चिकटतो, ते काटे वर्षागणिक थोडे थोडे बदलत गेले होते.

तिनं हे आधी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "छान, छान. सभेत मांड."

आणि तिनं मांडल्यावर, सगळं केंद्र समोर बसलेलं असताना, भाऊजी उठले. आवाज अगदी मऊ. "मंडळी, मला वाईट वाटतं, कारण ही घरचीच मुलगी आहे. पण नमुने दूषित आहेत. हिच्या हातून बाटल्यांची सरमिसळ झालीय. मी स्वतः तपासलं." त्यांनी काहीही तपासलं नव्हतं. छोटीनं वळून ताईकडे पाहिलं. ताई त्याच केंद्रात ग्रंथपाल होती. आदल्या संध्याकाळी दोघी बहिणींनी मिळून फ्रीझरमधल्या बाटल्या एकेक करून पडताळल्या होत्या. ताईनं मान खाली घातली आणि पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

महिन्याभरात छोटीची नोकरी गेली. "निष्काळजी" हा शब्द तिच्या आधी पोचायचा. ती कुठेही मुलाखतीला गेली की समोरचा माणूस सहानुभूतीनं हसायचा, आणि त्या हसण्यावरून तिला कळायचं की भाऊजींचा फोन येऊन गेला. घरात तर उलटीच गंगा. भाऊजींनी प्रकरण वाढू दिलं नाही, पोरीची अब्रू राखली, म्हणून आई त्यांचे गोडवे गायची. आई गेली तेव्हा शेवटच्या दिवसांत छोटीच तिच्या उशाशी होती. आई म्हणाली, "भाऊजींना कधी दुखवू नकोस गं. तुझी एवढी मोठी चूक त्यांनी पोटात घातली."

छोटी म्हणाली, "हो आई."

तो "हो" तिच्या घशात पुढं कित्येक वर्षं अडकून होता.

तिला शेवटी एका रुग्णालयाच्या तपासणी विभागात काम मिळालं. तळमजल्यावरची खोली, खिडकीबाहेर रुग्णवाहिकांचा तळ, एका भिंतीला ओल. दिवसभर लोकांच्या नाकातले आणि घशातले नमुने तपासायचे. इतरांना ते कंटाळवाणं वाटायचं. छोटीला वाटलं, देवानं कोठारच उघडून दिलं. शहरातलं प्रत्येक शिंकणारं नाक तिच्या टेबलावरून जात होतं. रुग्णाची परवानगी घेऊन सर्दीचे नमुने ती बाजूला काढून ठेवायची. पहिले दोन फ्रीझर भरले, मग तिसरा आला. रुग्णालयानं तिला आधी एक मदतनीस दिली, मग दोन, मग स्वतंत्र विभाग दिला. तिचे निबंध परदेशात छापून येऊ लागले. ती कुणाशी भांडली नाही, की कुठे भाऊजींचं नाव काढलं नाही. सणासमारंभाला ताईकडे जायची, भाऊजींना नमस्कार करायची, वाढलेलं जेवायची. लोक म्हणायचे, छोटी किती समजूतदार, सगळं विसरली.

ती काही विसरली नव्हती. रोज दात घासताना तिला ते सभागृह दिसायचं.

मग भाऊजींनी फवारा काढला. नाकात मारायचा, सर्दीपासून वाचवणारा लसीचा फवारा. अर्थातच त्यांच्या स्वतःच्या जुन्या वाणावरून बनवलेला. शरीर विसरतं ना, मग फवारा त्याला आठवण करून देईल, वर्षातून एकदा, झालं. वर्तमानपत्रात फोटो आला: भाऊजी, हातात छोटीशी बाटली, मागं पांढऱ्या कोटातली हसरी मंडळी. हजारो लोकांवर मोठी चाचणी करण्याआधी बाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती ते सगळं तपासणार होती, आणि त्या समितीवर छोटीचं नाव होतं. भाऊजींनी हरकत घेतली नाही. घरचीच मुलगी. तिची त्यांना काय भीती?

छोटीजवळ तोवर पुरावा भरपूर होता. तोच समितीपुढे ठेवला असता तरी फवारा अडला असता. पण भाऊजी काय म्हणतील हे तिला आधीच ऐकू येत होतं: नमुने दूषित आहेत. तिला असं काहीतरी हवं होतं, जे त्यांना झटकताच येणार नाही. ते काय असेल, हे तिला सुचत नव्हतं. ते भाऊजींनीच तिच्या हातात आणून दिलं.

रविवारी ताईकडे सगळे जेवायला जमले होते. भाऊजींचा मुलगा, सून, दोन नाती. भाऊजींचं नाक लाल झालेलं, डोळ्यांतून पाणी, दर घासाला एक शिंक. धाकटी नात म्हणाली, "आजोबा, तुमचा फवारा तुम्ही मारला नाही का?"

सगळे हसले. भाऊजीही हसले, पण जरा उशिरा. "मला त्याची गरज नाही, बेटा. माझ्या रक्तात तो तरुणपणापासून बसलाय, आणि रोज प्रयोगशाळेत त्याच्याच संगतीत असतो, माझं शरीर त्याला विसरेल कसं? ही सर्दी दुसऱ्या कुणाची तरी आहे. माझा विषाणू माझ्याच घरी चोरी करणार नाही."

छोटीनं वाटीतलं दही ढवळत सहज विचारलं, "बघू या का तपासून?"

"घे की!" भाऊजींनी हात पसरले. "नाक घे, रक्त घे, हवं तर कान घे. आणि हो, फ्रीझरमध्ये माझं तरुणपणीचं सीरम आहे, त्याच सर्दीनंतरचं. तेही ने. उद्याच सांगतो देऊन टाकायला. आणि जे निघेल ते फळ्यावर लिहून ठेव, म्हणजे या घरात माझा शब्द कायमचा खरा!"

"बघा हं," छोटी म्हणाली. "नंतर नाही म्हणाल."

"मी? मी शब्द फिरवणारा माणूस आहे का?"

ताईनं चपळाईनं आमटीचं भांडं उचललं आणि स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी खरोखरच रुग्णालयात आले, सगळ्यांशी थट्टामस्करी करत खुर्चीत बसले, नाक वर केलं, दंड पुढं केला, परवानगीच्या कागदावर ऐटीत सही केली. छोटीनं स्वतः काडी फिरवली. काडी आत जाताना भाऊजींचे डोळे मिटले आणि चेहरा लहान मुलासारखा झाला. तिच्या मनात आलं, याच नाकापुढं मी इतकी वर्षं मान तुकवली. तिनं काडी नियमाप्रमाणं जेवढी फिरवायची तेवढीच फिरवली. जास्त फिरवायचा मोह झाला, नाही असं नाही.

विषाणू तोच निघाला. भाऊजींच्या वाणाचाच वंशज, पिढ्यान्‌पिढ्या बदलत आलेला. छोटीनं त्याच्या जनुकांची अक्षरं वाचली, जुन्या वाणाशेजारी ठेवली. मधला मोठा भाग जसाच्या तसा होता, पण काट्यांच्या टोकांना, जिथं रक्तातलं संरक्षण पकड घेतं, तिथं कोरून काढल्यासारखे बदल. मग तिनं जुने आणि नवे काटे दोन निरुपद्रवी विषाणूंवर चढवले, भाऊजींचं तरुण सीरम आणि सर्दीच्या सुरुवातीचं आत्ताचं सीरम काढलं, सगळ्यांवर नुसते आकडे घातले, आणि अर्धे नमुने दुसऱ्या शहरातल्या मैत्रिणीकडे पाठवले. कुणाचे ते सांगितलं नाही. उरलेले मदतनीस मुलींना तपासायला दिले, त्यांनाही नाव न सांगता.

मैत्रिणीचा फोन आला तेव्हा छोटी डबा खात होती.

"कोण आहे गं हा माणूस?" मैत्रीण म्हणाली. "याचं जुनं रक्त जुन्या विषाणूला असं धरतं, की बोटही हलवू देत नाही. आत्ताचंही धरतंय, थोडं कमी. म्हणजे विसरलंबिसरलं काही नाही. आणि नवा मात्र दोन्ही रक्तांसमोरून आरामात आत जातोय, ओळखसुद्धा दाखवत नाही. इतकं स्वच्छ उत्तर मी आजवर पाहिलं नव्हतं."

छोटीकडचेही आकडे तेच होते. तिनं डब्याचं झाकण लावलं. पोट भरलं होतं.

"तो माणूस आमचे भाऊजी," ती म्हणाली.

मैत्रिणीला जुनी गोष्ट माहीत होती. "मग आधी त्यांना सांग. त्यांचं रक्त आहे."

"सांगणार आहे."

"कधी?"

"समितीच्या बैठकीत."

"छोटे, हे बरं नव्हे."

"मला सभेत मांड म्हणाले होते," छोटी म्हणाली. "सभेतच मांडते."

बैठकीला अजून काही आठवडे होते. त्या आठवड्यांत छोटी इतकी आनंदात होती की मदतनीस मुलींना शंका आली, मॅडम रजेवर तर निघाल्या नाहीत ना. ती कामावर जाताना गुणगुणायची. बैठकीत काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून बघायची, आणि त्यात स्वतःचा आवाज भाऊजींच्या त्या दिवशीच्या आवाजाइतका मऊ आला की तिला फार बरं वाटायचं.

एका संध्याकाळी ताई छोटीच्या घरी आली. जिना चढून धापा टाकत होती. तिची छाती लहानपणापासून नाजूक, थंडीत तर तिला कुणाची साधी सर्दी लागली तरी महिनाभर अंथरूण धरावं लागायचं. तिनं खुर्चीत बसून दम घेतला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "यंदा मी मुक्त आहे बाई. यांनी मला फवारा दिलाय. नातींना शाळेतून मीच आणते. दोघी शेंबड्या, पण मी खुशाल मांडीवर घेते."

हे छोटीच्या हिशेबात नव्हतं. फवाऱ्यानं अपाय नव्हता, हे तिला माहीत होतं. पण त्याच्या भरवशावर ताई शेंबड्या नाती मांडीवर घेईल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती उठली, खिडकी लावली, परत उघडली.

"ताई, नातींना सर्दी आहे तोवर त्यांच्याजवळ जाऊ नकोस."

"पण हे म्हणाले की..."

"ते काय म्हणाले ते मला ठाऊक आहे. तू एवढं माझं ऐक. मुखपट्टी लाव, नाहीतर सुनेला पाठव त्यांना आणायला."

ताई तिच्याकडे बघत राहिली. ताई ग्रंथपाल होती, शास्त्रज्ञ नव्हती, पण एका शास्त्रज्ञाशी संसार केला होता आणि दुसरीला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. "तपासणीचं उत्तर आलं," ती म्हणाली.

छोटीनं मान डोलावली.

"त्यांना का सांगत नाहीस?"

"त्यांनी मला सभेआधी सांगितलं होतं का, की मी तुला भर सभेत नागवणार आहे म्हणून?"

"ते तुझ्या बहिणीचे यजमान आहेत गं."

"तेव्हाही होते." छोटीचा आवाज चढला. "तेव्हाही होते, ताई! आणि तू पहिल्या रांगेत बसली होतीस. तुला माहीत होतं, बाटल्या बरोबर होत्या. तुझ्या हातानं पडताळल्या होत्यास. तू एक शब्द बोलली असतीस ना, एक शब्द, तर आई मला निष्काळजी समजून गेली नसती."

ताईनं पेला खाली ठेवला. तिला रडू आलं नाही. तिला आणि छोटीला दोघींनाही वाटलं होतं की येईल.

"घरी गेल्यावर विचारलं होतं मी त्यांना," ताई म्हणाली. "म्हटलं, तुम्ही असं का केलंत? म्हणाले, ती बरोबर निघाली तर माझं पंधरा वर्षांचं काम केरात जाईल. असंच म्हणाले, ताट पुढं ओढत. म्हणजे तू बरोबर आहेस हे त्यांना तेव्हाच कळलं होतं."

इतकी वर्षं छोटीला वाटत होतं की भाऊजींचा निदान स्वतःवर तरी विश्वास असेल. आडमुठेपणा असेल, अहंकार असेल. त्यांना माहीत होतं, हे ती प्रथमच ऐकत होती.

"आता तू जाऊन त्यांना सांगशील," ती शेवटी म्हणाली.

ताईनं पिशवी उचलली, पदर सारखा केला. "तेव्हा त्यांच्यासाठी गप्प बसले. आता तुझ्यासाठी बसते. मला सवय आहे." दारात ती थांबली. "पण मला सांगायला हवं होतंस. शेंबड्या पोरी मांडीवर घेऊन बसले होते मी."



बैठक केंद्रातच होती, त्याच सभागृहात. खुर्च्या नव्या, पडदे नवे, उजेड तोच. समितीचे लोक एका बाजूला, केंद्राचे कर्मचारी मागं दाटीवाटीनं, दोन पत्रकारही होते. भाऊजींनी तासभर भाषण केलं. खोटं सांगायचं कशाला, सुरेख केलं. मग समितीच्या अध्यक्षबाईंनी सदस्यांना शंका विचारायला सांगितलं.

छोटी उठली. आधी तिनं शहरातल्या सर्द्यांचा आलेख दाखवला, वर्षागणिक विषाणूचे काटे कसे बदलत गेले तो. भाऊजी मान डोलावत ऐकत होते. तिचं संपायच्या आत ते बोललेच, आणि आवाज तोच, मऊ.

"मला वाईट वाटतं. आमच्या घरातली आहे ही. पण जुन्या लोकांना आठवत असेल, नमुन्यांच्या स्वच्छतेचा प्रश्न यापूर्वीही आला होता. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, शेकडो नाकांच्या गर्दीत, काय कशात मिसळलं कोण सांगणार? मला आलेख नकोत. मला एक माणूस दाखवा. एकच! ज्याला माझ्या विषाणूची लागण झाली होती, ज्याच्या रक्तात आजही त्याची आठवण शाबूत आहे, आणि तरीही ज्याला तीच पुन्हा झाली. असा एक माणूस आणा, मी फवारा आज मागं घेतो."

सभागृहात खसखस पिकली. छोटीनं पाण्याचा घोट घेतला. घाई नव्हती.

"असा एक माणूस आहे," ती म्हणाली. "त्याचं तरुणपणीचं सीरम याच केंद्राच्या फ्रीझरमधलं आहे, तुमच्याच कर्मचाऱ्यांनी मोहोरबंद करून दिलेलं. नाकाचा नमुना आणि रक्त आमच्याकडे घेतलं. तपासणी दोन शहरांत झाली, दोन्हीकडे नाव माहीत नसलेल्या हातांनी. उत्तर एकच आलं." तिनं आकडे पडद्यावर आणले. अध्यक्षबाई चष्मा सावरून पुढं वाकल्या. "त्याचं रक्त जुना विषाणू विसरलेलं नाही. आणि तरीही त्याला सर्दी झाली, त्याच विषाणूच्या आजच्या वंशजाची."

"कोण आहे हा?" भाऊजी म्हणाले. "नाव सांगा."

"नाव सांगायला त्या माणसाची परवानगी लागेल."

"मग घ्या परवानगी! का तीही तळमजल्यावर हरवली?" मागं कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"देता का परवानगी, भाऊजी?"

आधी त्यांना कळलंच नाही. ते हसतच होते. मग पडद्याकडे बघितलं, तारखेकडे बघितलं, आणि हात आपोआप नाकाकडे गेला. मागच्या रांगांना ते दिसलं. पुटपुट सुरू झाली आणि ती एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेली. पत्रकार भराभर लिहीत होते.

"तुम्ही नाही म्हणालात तर मी इथंच थांबते," छोटी मऊ आवाजात म्हणाली. "तुमचा शब्द."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "सर, हे नमुने तुमचे आहेत?"

भाऊजींनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. ताई निवृत्त झाली होती, तरी त्या दिवशी आली होती, मुखपट्टी लावून. ती नवऱ्याकडे सरळ बघत होती. मान तिनं खाली घातली नाही, आणि तोंडही उघडलं नाही.

"हो," भाऊजी म्हणाले. "माझे आहेत."

छोटी खाली बसली. तिच्या कानांत ऊन ऊन वाटत होतं, बोटांच्या टोकांपर्यंत काहीतरी गोड गोड पसरत चाललं होतं. सूड इतका चवदार असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

फवारा थांबला. चौकशी लागली, आणि भाऊजींना मुदतीआधीच घरी बसावं लागलं. फवाऱ्यावर काम करणाऱ्या तरुण मंडळींपैकी तिघींना छोटीनं स्वतःच्या विभागात घेतलं. बाकीच्यांना दुसरीकडे काम शोधावं लागलं, आणि त्यांतले काही आजही रस्त्यात दिसले तर तिच्याकडे बघत नाहीत. ताई नवऱ्याला सोडून वगैरे गेली नाही. फक्त पाहुण्यांपुढे ती आता त्यांच्या विनोदांना हसत नाही, असं सून सांगते. छोटीकडे येणं मात्र तिनं बरंच कमी केलं. शेंबड्या नातींचं ते तिच्या मनातून गेलं नाही, आणि छोटी तिची समजूत काढायला गेली नाही, कारण ताईचं बरोबर होतं.

एक गोष्ट छोटीनं चौकशी समितीकडे मागून घेतली. तिची जुनी नोकरी तिला नको होती, भरपाई नको होती. भाऊजींनी सगळ्यांसमोर एक वाक्य बोलावं, एवढंच.

तेही झालं. केंद्राच्या नव्या प्रमुखांच्या खोलीत जुने कर्मचारी बोलावले होते, काही निवृत्त झालेले, एकजण काठी टेकत आलेला. भाऊजी उभे राहिले. अंगावरचा कोट सैल झाला होता. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "त्या वेळचे नमुने दूषित नव्हते असं आता दिसून येतं."

"'आता दिसून येतं' काढा," छोटी म्हणाली.

नवे प्रमुख अवघडले. "मॅडम, मला वाटतं एवढं पुरे."

"पुरे नाही. त्यांना तेव्हाच माहीत होतं. भाऊजी, ताटावर बसून काय बोलला होतात ते मी सांगू, का तुम्ही सांगता?"

भाऊजींनी झटक्यात तिच्याकडे पाहिलं. ही गोष्ट कुठून बाहेर आली हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि छोटीनं बघितलं की भर सभेतही ते असे खचले नव्हते. त्यांचा हात खुर्चीची पाठ शोधत होता. काठीवाले गृहस्थ त्यांना आधार द्यायला पुढं सरकले आणि मग, कोण जाणे का, जागीच थांबले.

"नमुने दूषित नव्हते," भाऊजी म्हणाले. "मला तेव्हाही माहीत होतं."

"आणि मी?"

"तू निष्काळजी नव्हतीस."

छोटीनं सगळ्यांना नमस्कार केला आणि बाहेर पडली. जिन्यात भाऊजींनी तिला गाठलं. दम लागला होता. "झालं समाधान?" त्यांनी विचारलं. आवाजात मऊपणा उरला नव्हता, नुसता म्हाताऱ्या माणसाचा थकलेला आवाज.

तिनं खरोखर विचार केला. आईच्या उशाशी म्हटलेला तो "हो" तिनं घशात चाचपून पाहिला. "नाही," ती म्हणाली, आणि जिना उतरली.

थांब्यावर बाकडं रिकामं होतं. ती बसली. तिला वाटलं होतं, एकदा सगळं पार पडलं की या माणसाची दया येईल. पुस्तकांत येते, शहाण्या माणसांना येते. ती शांत बसून वाट बघत राहिली. समोरच्या दुकानदारानं शटर अर्धं ओढलं, एक बाई कुत्र्याला घेऊन गेली, आणि मग बस आली. छोटी उठून बसमध्ये चढली, खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून खूष झाली, आणि दोन थांबे जायच्या आत तिला गाढ झोप लागली.